जस्त आणि हातगुण

३ एप्रिल

आजपासून रोज लिहायचं. थीसिस नाही, डायरी. डोक्यातला कचरा इथे टाकला की डोकं मोकळं, आणि डोकं मोकळं झालं की थीसिस आपोआप.

तर. मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मॅडम म्हणजे माझ्या गाइड. म्हणाल्या, एकतीस मे. त्यानंतर मुदतवाढ नाही, वरून लेखी आलंय. जे आहे ते लिही आणि सुट. मी म्हटलं, जे आहे ते म्हणजे फक्त इतकंच, की माझं प्रोटीन सगळे म्हणतात तसंच वागतं. म्हणाल्या, मग तेच लिही. खरं आहे ना, पुरे झालं.

मॅडम थकल्यात. पूर्वीची उमेद राहिली नाही त्यांच्यात. मला काळजी वाटते त्यांची.

संकल्प: रोज पाच पानं. उद्यापासून, कारण आजचा दिवस मीटिंगमध्ये गेला. मीटिंग छोटीच होती, पण मनस्ताप दिवसभराचा.

४ एप्रिल

पहिलं पान तयार. शीर्षक, माझं नाव, मॅडमचं नाव. फॉन्ट ठरवण्यात दुपार गेली. लोक फॉन्टला कमी लेखतात.

६ एप्रिल

सासऱ्यांचा फोन. त्यांना दर वेळी एकच प्रश्न पडतो, जावई नेमकं करतो काय. आज शांतपणे समजावून सांगितलं. म्हटलं, शरीरातली प्रत्येक पेशी म्हणजे एक घर समजा. घराला जस्त लागतं, म्हणजे झिंक. कमी पडलं तर जखमा भरत नाहीत, केस गळतात. जास्त झालं तर विष. म्हणून ते मोजूनमापून आत-बाहेर करावं लागतं. पण झिंकला भिंतीतून आरपार जाता येत नाही, दार लागतं. ही दारं म्हणजे प्रोटीन. काही दारं बाहेरचं झिंक हॉलमध्ये घेतात, काही हॉलमधलं बाहेर काढतात. शिवाय घरात आत कोठीची खोली असते, तिलाही भिंती, तिलाही दारं. माझं प्रोटीन म्हणजे कोठीचं दार. सगळं जग म्हणतं की ते हॉलमधलं झिंक कोठीत नेऊन ठेवतं. मला पहिल्यापासून वाटतं की ते उलटं, कोठीतलं झिंक हॉलमध्ये आणतं.

सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, म्हणजे दार कुठल्या बाजूला उघडतं एवढंच ना?

एवढंच. या एवढंचपायी माणसं आयुष्य काढतात, हे त्यांना कोण सांगणार. फोन बायकोकडे दिला.

९ एप्रिल

पानं: तीच.

बायकोचं बदलीचं पत्र आलं. बढतीवर, दुसऱ्या शहरात, एक जूनला हजर व्हायचं. याआधी दोनदा तिने माझ्यासाठी बदली नाकारली. या वेळी विचारलंच नाही तिने. फक्त म्हणाली, तुझी तारीख एकतीस मे, माझी एक जून, कसं छान जुळून आलंय. तू सकाळी थीसिस दे, दुपारी आपण तिघं निघू.

मी म्हटलं, नक्की. मनापासून म्हटलं. मुलीने लगेच जाहीर केलं की गाडीत खिडकी तिची आणि तिच्या शेजारी बाबा. ती नुकतीच वाचायला शिकलीय. दिसेल ते वाचते. दुकानांच्या पाट्या, बिस्किटांचे पुडे, फ्रिजमागचं स्टिकर. 'तिघं' हा शब्द तिने कागदावर लिहून दाराला चिकटवला. 'घं'वरचं टिंब जरा मोठं आलंय.

१२ एप्रिल

हात. दोन्ही हातांना लाल चट्टे, खाज, बोटांच्या बेचक्यांत भेगा. इतकी वर्षं ग्लोव्हज घालून घालून ही गत. विज्ञानासाठी माणूस काय काय सोसतो. टायपिंग करताना त्रास होतो, त्यामुळे पाच पानांचा संकल्प तूर्त स्थगित. हे कारण नाही, वैद्यकीय बाब आहे.

१३ एप्रिल

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हातांकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. ग्लोव्हज काही दिवस बंद, आणि हे मलम दिवसातून तीनदा, म्हणाले. पांढरं, घट्ट. मी नाव विचारलं, तर म्हणाले, जुनंच औषध आहे हो, तान्ह्या बाळांना लावतात तेच. मी प्रोटीनवर संशोधन करणारा माणूस, आणि मला बाळांचं मलम. लावलं. थंड वाटलं, एवढं मान्य.

१४ एप्रिल

लिहिण्याआधी एक शेवटचा प्रयोग करायचा ठरवलं. मनातली रुखरुख जाईल. पद्धत सोपी आहे. एका प्लेटमध्ये माझं प्रोटीन असलेल्या पेशी, दुसऱ्या प्लेटमध्ये प्रोटीन नसलेल्या. दोन्हींत तो रंग घालायचा, जो झिंक भेटलं की हिरवा चमकतो. हॉलमध्ये झिंक वाढलं तर चमक वाढेल. मशीन चमक मोजतं.

प्रोटीन नसलेल्या प्लेटला कंट्रोल म्हणतात. तिच्यात काही घडत नाही, घडायचंच नसतं. काही न घडवण्याची हमाली मी या वयात का करायची. ती नवीन मुलीला दिली. नवीन मुलगी म्हणजे माझी ज्युनिअर. तिला येऊन बराच काळ लोटला, पण नवीन ती नवीनच. तिने विचारलं, दोन्ही प्लेट एकाच माणसाने करायला नकोत का? पुस्तकी प्रश्न. म्हटलं, तू शिकशील यातून.

मी ग्लोव्हजशिवाय काम केलं. डॉक्टरांचा आदेश.

१६ एप्रिल

चमकलं.

पुन्हा लिहितो. चमकलं. माझ्या प्लेट हिरव्यागार, नवीन मुलीच्या काळ्याठिक्कर. म्हणजे प्रोटीन असेल तिथे हॉलमध्ये झिंक वाढतं. म्हणजे दार उलट्या बाजूला उघडतं. म्हणजे सगळं जग चूक, आणि मी.

मला बसावं लागलं. कितीतरी वर्षं त्या मशीनसमोर बसलोय, पण असं कधी बसलो नव्हतो. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिने भाजी चिरणं थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, खरंच? तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं जे मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, पण एकतीस मेपर्यंत लिहून होईल ना?

होईल म्हणजे काय.

२० एप्रिल

पुन्हा केलं, पुन्हा चमकलं. दुपारच्या प्लेट सकाळच्यांपेक्षा जास्त चमकतात. यामागे पेशींचं घड्याळ असणार, ज्यावर स्वतंत्र पेपर होऊ शकतो. नोंद करून ठेवली. मलम नियमित, जेवणानंतर आठवणीने.

छोट्या थीसिसचं फोल्डर 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये हलवलं. आता त्याची गरज नाही. पहिल्या पानाचा फॉन्ट तेवढा घेतला.

२४ एप्रिल

नवीन मुलीला प्रोटीनच्या पेशी देऊन पाहिल्या, एकदाच, तिने फार आग्रह केला म्हणून. चमक शून्य. ती गोंधळली. मी नाही गोंधळलो. स्वयंपाकात असतो तसा प्रयोगातही हातगुण असतो. तेच पीठ, तेच पाणी, पण एकीची पोळी फुगते, एकीची नाही. हे तिला सांगितलं. हे सगळं तिने कुठेतरी लिहून घेतलं. शिकतेय.

२८ एप्रिल

तरी खात्री केलेली बरी. आमच्या लॅबच्या दारावर एक पाटी आहे, 'झिंक सगळीकडे आहे'. खाली यादी. पावडरचे ग्लोव्हज नकोत, रबरी बुचं नकोत, कोंड्याचा शाम्पू नको, उन्हाचं क्रीम नको, कारण सगळ्यांत झिंक असतं आणि ते प्लेटमध्ये पडतं. ही पाटी मी पहिल्या वर्षी स्वतः टाइप केली होती. तेव्हाही फॉन्ट चांगलाच निवडला होता.

पाटीसमोर उभं करून नवीन मुलीची तपासणी घेतली. शाम्पू कुठला? साधा. उन्हाचं क्रीम? लावत नाही. बांगड्या, अंगठ्या? नाहीत. तिच्याकडे काही सापडलं नाही. तिने विचारलं, आणि तुमचं? म्हटलं, मला कोंडा नाही आणि मी उन्हात जात नाही. सूर जरा उद्धट होता तिचा. हल्ली ज्युनिअर हात धुऊन मागे लागतात.

३ मे

मुलगी माझं मलम घेऊन आली आणि म्हणाली, बाबा, यावर तुझं झिंक लिहिलंय. मी शोधावर भाषण द्यायची तयारी करत होतो, मोठ्या सभागृहात कसं उभं राहायचं वगैरे. म्हटलं, बेटा, आत्ता नको. ती म्हणाली, पण लिहिलंय. म्हटलं, हो हो, छान.

पोरीला आता सगळीकडे झिंकच दिसतं. बापाचा प्रभाव. मन भरून आलं.

७ मे

मॅडमना दाखवलं. त्यांनी आलेख बराच वेळ पाहिले, चष्मा काढला, परत घातला. मग विचारलं, नवीन मुलीच्या हातून का होत नाही? मी म्हटलं, मॅडम, हातगुण.

बोलायला नको होतं. मॅडम म्हणाल्या, आपल्याकडे हातगुण नसतो, आपल्याकडे कंट्रोल असतो. दोघांनी प्लेटची अदलाबदल करा. सगळंच्या सगळं. तरीही चमकलं तर मी स्वतः वर जाऊन तुझ्यासाठी मुदत भांडून आणते. नाही चमकलं, तर एकतीसला छोटा थीसिस दे आणि सुखाने जा.

सुखाने जा. जणू मी त्यांच्या घरी पाहुणा आलोय.

८ मे

अदलाबदल करणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१२ मे

अदलाबदल करीन, पण त्यांनी सांगितली म्हणून नाही.

१५ मे

पेशी वाढायला वेळ लागतो. शिवाय मशीनवर दुसऱ्या लॅबचं बुकिंग. शिवाय मी शोधाबद्दल एक मोठा लेख सुरू केलाय. पहिलं वाक्य: 'इतकी वर्षं आपण दाराच्या चुकीच्या बाजूला उभे होतो.' दुसरं वाक्य सुचत नाहीये, पण पहिलं असलं वजनदार आलं की दुसऱ्याला वेळ लागतोच.

बायको खोकी भरतेय. प्रत्येक खोक्यावर मुलगी काय आहे ते लिहिते. 'पूस्तकं'. 'चादरी'. एका रिकाम्या खोक्यावर 'बाबा' लिहून ठेवलंय, माझ्या सामानासाठी. मी अजून काही टाकलेलं नाही त्यात. वेळच मिळत नाही.

१९ मे

बायकोने विचारलं, छोटा थीसिस किती झाला? म्हटलं, तो आता कशाला. ती बसली. म्हणाली, मॅडम तर म्हणाल्या होत्या की तो तरी देऊन ठेव. म्हटलं, मॅडमना लांबचं दिसत नाही. ती म्हणाली, मला जवळचंच दिसतं, आणि जवळचं असं आहे की तू जस्तावर काम करतोस, जास्त करत नाहीस.

विनोद होता. दोघंही हसलो नाही.

मग ती म्हणाली, हे बघ, मला तो मोठा शोध नकोय, मला तू गाडीत बसलेला हवायस. तिला संशोधन कळत नाही, असं लिहायला घेतलं होतं, पण खोडलं. तिला चांगलं कळतं.

२३ मे

संकल्प: 'जुनं' फोल्डर उघडून छोटा थीसिस लिहायचा, सुरक्षितता म्हणून. रोज दहा पानं.

उघडलं. त्यात खरंच फार थोडं आहे. मला वाटत होतं त्यापेक्षा थोडं. बंद केलं.

२६ मे

हात पुष्कळ बरे आहेत. चट्टे गेले, भेगा मिटत आल्या. मलम चालूच. आज चार वेळा लावलं, अदलाबदल परवा आहे, हात चांगले हवेत.

२८ मे

अदलाबदल केली. माझं प्रोटीन नवीन मुलीकडे, कंट्रोल माझ्याकडे.

निकाल: प्रोटीन काळं. कंट्रोल हिरवंगार.

साधी गोष्ट आहे. तिने लेबलं उलटी लावली. तसं बोललो. ती शांतपणे म्हणाली, लेबलं तुम्हीच लावली होती. तशी मीच लावली होती. थकव्यात माझ्याकडून उलटी लागली असणार. उद्या परत.

२९ मे

परत केलं. लेबलं तीनदा तपासली. परत तेच. माझ्या हातातलं सगळं चमकतं, तिच्या हातातलं काहीच नाही.

मग मशीन बिघडलंय. हे सिद्ध करायला सोपं आहे. उद्या एक रिकामी प्लेट करायची. पेशी नाहीत, प्रोटीन नाही, नुसतं पाणी आणि रंग. ते अंधारं येणारच. ते अंधारं आलं की बाकीचं आपोआप सिद्ध. सिद्ध नेमकं काय, हे उद्या लिहितो.

३० मे

रिकामी प्लेट इतकी चमकली की मशीनने आकडा दाखवायचं सोडून दिलं.

नवीन मुलगी शेजारी उभी होती. माझ्यासाठी चहा घेऊन आली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

पाण्यात दोष असणार. किंवा रंगात. किंवा त्या खोलीत.

मॅडमचा निरोप आला: उद्या पाच वाजेपर्यंत छोटा थीसिस देतोयस ना? मी उत्तर टाइप केलं, पुसलं, टाइप केलं. शेवटी अंगठ्याचं चित्र पाठवलं.

घरी भिंती रिकाम्या. आवाज घुमतो. बायकोने विचारलं, उद्या सकाळी देतोयस ना? म्हटलं, थोडं काम राहिलंय, तुम्ही पुढे व्हा, मी दोन दिवसांत आलोच. तिने माझ्याकडे न बघता दाराचा 'तिघं' कागद काढला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. फाडला नाही, हे मी नीट पाहिलं.

३१ मे, दुपार

सामानाची गाडी सकाळीच गेली. मग टॅक्सी आली. 'बाबा' खोकं रिकामं होतं म्हणून नेलं नाही, दारात राहिलं.

मुलगी खिडकीत बसली. शेजारची जागा रिकामी. ड्रायव्हरने गाडी सुरू केली तेवढ्यात तिने हात बाहेर काढून मला मलमाची नळी दिली. म्हणाली, बाबा, तुझं झिंक राहिलं होतं आमच्या पिशवीत.

घरात वाचायला दुसरं काही उरलेलं नाही. सगळी पुस्तकं गेली. म्हणून असेल, पण मी तिथेच रस्त्यात उभा राहून नळी वाचली, तिच्यासारखी, एकेक अक्षर लावत. झिं. क. ऑक्साइड. खाली प्रमाण. भरपूर आहे.

जेवणानंतर आठवणीने. दुपारच्या प्लेट जास्त चमकतात. पेशींचं घड्याळ.

बायकोने काच खाली करून विचारलं, काय झालं, चेहरा असा का केलास? म्हटलं, काही नाही, तुम्ही निघा, उशीर होईल. टॅक्सी वळेपर्यंत मुलगी हात हलवत होती. मीही हलवला. नळी हातातच होती.

आता घड्याळात अडीच. पाच वाजेपर्यंत वेळ आहे. 'जुनं' फोल्डर उघडलंय. फॉन्ट तयार आहे.

४ जून

मुदत गेली. माझी नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं. फॉन्ट साधाच होता.

मॅडमना मलमाचं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं, मी तयारीही केली होती. त्या फक्त उठून दारापाशी गेल्या, पाटी वाचली, आणि खालच्या कोऱ्या जागेत पेनाने लिहिलं, 'हाताचं मलम'. मग म्हणाल्या, छोट्या थीसिसमध्ये काही वाईट नव्हतं रे. मी त्यांच्या पेनाला टोपण लावलं.

नवीन मुलीने दोन्ही प्लेट स्वतः करून निकाल लावला. प्रोटीन हॉलमधलं झिंक कोठीत नेतं, सगळे म्हणतात तसंच. तिच्या थीसिसचं एक प्रकरण झालं. आभारात माझं नाव घालू का, विचारत होती. म्हटलं, घाल. स्पेलिंग नीट बघ.

सासऱ्यांचा फोन आला होता. त्यांना काही माहीत नव्हतं, किंवा सगळं माहीत होतं. म्हणाले, मग जावईबापू, दार कुठल्या बाजूला उघडलं शेवटी? म्हटलं, आतल्या. ते म्हणाले, मग या की.

'बाबा' खोक्यात दोन शर्ट, दाढीचं सामान आणि ही डायरी टाकतोय. उद्या सकाळची गाडी आहे. बायकोला कळवलं. तिने विचारलं, दोन दिवसांचं सामान की सगळं? म्हटलं, सगळं. सगळं म्हणजे एवढंच आहे. मला तुमची फार आठवण येते, हेही म्हटलं. ती म्हणाली, मुलीला सांगितलंय, ती 'तिघं' कागद परत चिकटवायला निघालीय.

हात मात्र अगदी साफ झाले. एक भेग नाही, एक चट्टा नाही. त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे.